कागदाची मुदत

पुणतांब्याच्या ग्रामसभेने 2017 च्या एप्रिलमध्ये शेतकरी संपाचा ठराव केला, 1 जूनला संप सुरू झाला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. पन्नास वर्षांनी कुणी त्या संपाचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला त्या ग्रामसभेचे इतिवृत्त लागेल. पण ज्या कपाटात ते असते, तिथेच दाखल्यांचे अर्ज, पोचपावत्या आणि स्मरणपत्रेही साचत राहतात. हा पसारा वेळच्या वेळी हलला नाही, तर मोलाचा कागद असूनही मिळत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, दप्तर टिकवायचे असेल तर कोणता कागद कधी नष्ट करायचा हे तो दाखल होतानाच ठरले पाहिजे. जागा संपल्यावर ठरवू म्हटले, की निवड घाईच्या, वाळवीच्या किंवा कुणाच्या तरी सोयीच्या हाती जाते.

हा विचार पुणतांब्याच्याच जिल्ह्यात, अहमदनगरमध्ये, प्रत्यक्षात उतरला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना तिथले जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची जी घडी बसवली, ती पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली. अभिलेखांची वर्गवारी जुनीच होती: ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘ड’ एका वर्षाचा. ती नियमपुस्तकात होती, कारकुनाच्या टेबलावर नव्हती. लखिना पॅटर्नमधल्या सहा गठ्ठे पद्धतीने ती टेबलावर आणली. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे ‘ड’ कागद, असे सहा गठ्ठे. नाशाचा गठ्ठा रोजच्या कामाच्या शेजारी ठेवला गेला, यातच या पद्धतीचे खरे मोठेपण आहे. पुष्कळजण तिला स्वच्छता मोहीम समजतात. तो तिच्यावर अन्याय आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. आजचा क्षुल्लक कागद उद्या अनमोल ठरतो. पेशवे दप्तरातल्या रोजकीर्दी म्हणजे त्या काळचा रोजचा जमाखर्च. आज इतिहासकार त्यांच्यावर विसंबतात. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जन्ममृत्यूचा गाव नमुना 14 आणि 1951 चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर चाळले गेले. हे सारे त्या त्या काळी ‘ड’ ठरले असते तर? आक्षेप खरा आहे, पण तो मुदतीविरुद्ध जात नाही, चुकीच्या वर्गाविरुद्ध जातो. वर्ग अधूनमधून तपासता येतात, नमुन्यादाखल काही गठ्ठे राखता येतात. मुदतच नसेल तर कागद ओलीने जातो, आणि काय गेले याची यादीसुद्धा राहत नाही. 2005 च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने नियमबाह्य नाशाला शिक्षा ठेवली आहे. पण रीतसर नाश कोणता हे आधी ठरलेले असेल, तरच नियमबाह्य कोणता हे दाखवता येते.

मुदतीचा हाच प्रश्न आता संगणकातही आहे. सातबारा संगणकावर आला, आणि सर्व्हर आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद लॉग फाइलीत लिहीत असतो. ती फाइल डिस्क भरून टाकू नये म्हणून लिनक्सवर लॉगरोटेट नावाचा प्रोग्राम ठरल्या वेळी चालतो: जुनी फाइल बाजूला काढतो, दाबून लहान करतो, नवी उघडतो, मुदत संपलेली पुसतो. दर आठवड्याला फाइल बदला आणि जुन्या चार ठेवा, ही त्यातली नेहमीची मांडणी. केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, म्हणजे ‘सर्ट-इन’च्या, एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार मात्र लॉग 180 दिवस ठेवावे लागतात, म्हणजे चाराच्या जागी किमान सव्वीस. आकडा बदलणे सोपे आहे. अवघड आहे ते लखिनांनी टेबलावर आणलेले काम, प्रत्येक नोंद तिच्या वर्गात घालण्याचे. कुणी उतारा पाहिला ही नोंद ‘ड’ची; फेरफार कुणाच्या खात्यातून, किती वाजता मंजूर झाला ही नोंद ‘अ’ची, कारण जमिनीचा वाद नातवंडांपर्यंत चालतो. दोन्ही एकाच फाइलीत पडत असतील आणि एकाच मुदतीने पुसल्या जात असतील, तर त्या आधी वेगळ्या केल्या पाहिजेत, आणि कोणती किती वर्षे ठेवायची हे महसूल खात्याने लेखी ठरवून दिले पाहिजे.