पिळाची सळई आणि केसाएवढा तडा

काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. त्याची ताणशक्ती दाबशक्तीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी असते. फ्रेंच माळी जोसेफ मोनिए याने १८६७ मध्ये लोखंडी जाळीवर लिंपलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले आणि ताण लोखंडावर सोपवायची वाट रुळली. तडे मात्र पडतच राहिले.

१८९९ च्या सुमारास कॉन्सिदेर या फ्रेंच अभियंत्याने प्रयोगांवरून सांगितले, की सळई घातलेले काँक्रीट साध्या काँक्रीटच्या कितीतरी पट ताणले तरी तडकत नाही. पुढे अमेरिकेत ओल्या तुळयांवर भार देऊन पाहिले, तेव्हा पृष्ठभागावर पाण्याच्या बारीक रेषा उमटल्या. तडे होतेच, नजरेला दिसत नव्हते. कॉन्सिदेरचा निष्कर्ष चुकला, पण त्यातून खरे गमक हाती आले: सळई तडा टाळत नाही, एका रुंद तड्याचे अनेक बारीक तडे करते.

त्यासाठी सळईने काँक्रीट घट्ट धरायला हवे. गुळगुळीत सळई सटकते. सॅन फ्रान्सिस्कोच्या अर्नेस्ट रॅन्समने १८८४ मध्येच चौकोनी सळईला थंड अवस्थेत पीळ देण्याचे पेटंट घेतले होते. डफ एब्रॅम्सने १९१३ मध्ये या पकडीच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. भारतात पिळाची सळई ‘टॉर’ म्हणून घरोघरी पोहोचली. आता तिची जागा कंगोऱ्यांच्या टीएमटी सळईने घेतली आहे.

माती अडवणाऱ्या भिंतीत, म्हणजे रिटेनिंग वॉलमध्ये, या पकडीचा कस लागतो. पाया आधी ओतून घट्ट झालेला असतो. वर नंतर ओतलेली भिंत सिमेंटच्या उष्णतेने तापते, मग निवते, वाळते आणि आखडू पाहते. पाया तिला आखडू देत नाही. म्हणून पायालगत उभे तडे सुरू होतात. मातीचा रेटा उभ्या सळया घेतात. हे तडे आवरण्याचे काम आडव्या सळयांचे. रेट्याच्या हिशेबात त्या दिसत नाहीत, म्हणून साइटवर त्यांच्यात काटकसर होते, आणि ती महागात पडते.

काँक्रीटसाठीचे भारतीय मानक ४५६ भिंतीत छेदाच्या किमान ०.२० टक्के आडवे पोलाद मागते (१६ मिमीपर्यंतच्या पिळाच्या वा कंगोऱ्यांच्या सळयांसाठी), आणि २०० मिमीहून जाड भिंतीला दोन्ही तोंडांशी जाळी. मातीला वा ओलीला लागलेल्या भागात तडा ०.२ मिमीपेक्षा रुंद नसावा असे ते सुचवते. तेवढ्याच वजनाचे पोलाद २० मिमीऐवजी १० मिमीच्या सळयांत वाटले, तर काँक्रीटला धरणारा पृष्ठभाग दुप्पट होतो. बांधणीची मजुरी वाढते, पण तडे बारीक राहतात.