संचित व अभिवचन रजेतील शिक्षेची गणना

शिक्षा भोगत असलेला बंदी रजेवर कारागृहाबाहेर असताना शिक्षेचा कालावधी चालू राहतो की थांबतो, हे ठरविणारे नियम म्हणजे रजेतील शिक्षागणनेचे नियम होत. महाराष्ट्रात ही बाब १९५९ च्या फर्लो व पॅरोल नियमांखाली येते.

संचित रजा (फर्लो) ठरावीक काळ कारावास भोगलेल्या, चांगल्या वर्तणुकीच्या बंद्यास मिळते. तीस विशेष कारण लागत नाही. नियम १६ नुसार हे दिवस शिक्षेतील सूट धरले जातात. अभिवचन रजा (पॅरोल) मात्र आजारपण, मृत्यू, विवाह अशा निकडीसाठी असते आणि नियम २० प्रमाणे ती सूट ठरत नाही. म्हणजे ३० दिवसांची अभिवचन रजा घेतल्यास सुटकेची तारीख तेवढीच पुढे सरकते. संचित रजेने ती सरकत नाही. घरच्या संकटासाठी घेतलेले दिवस फेडावे लागतात आणि विनाकारण मिळालेले माफ होतात, हे प्रथमदर्शनी उफराटे वाटते. परंतु पहिली रजा वर्तणुकीचे फळ आहे, दुसरी केवळ सवलत.

रजेच्या काळात नेमून दिलेल्या पोलीस ठाण्यात हजेरी लावण्याची अट घालता येते. गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनीच्या रहिवाशासाठी हे ठाणे साहजिकच डुग्गीपारचे. मुदतीत न परतल्यास कारागृह अधिनियम, १८९४ च्या कलम ४८-अ खाली कारवाई होऊ शकते.

जन्मठेपेत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत आलेल्या कलम ४३३-अ (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७५) मुळे काही गंभीर गुन्ह्यांत किमान १४ वर्षांचा प्रत्यक्ष कारावास आवश्यक ठरला. गोव्यातील बंद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अभिवचन रजेचे दिवस या १४ वर्षांतून वगळले. गोव्याच्या २००६ च्या नियमांत ही रजा ‘सूट’ म्हटली आहे, आणि सूट म्हणजे प्रत्यक्ष कारावास नव्हे, असा त्यामागील तर्क होता. याउलट, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत अशा रजेचा काळ सामान्यतः स्थानबद्धतेच्या मुदतीतच मोजला जातो, असे घटनापीठाने २००० साली म्हटले होते.

मे २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे नियम १९ मध्ये दुरुस्ती करून ४५ दिवसांच्या आपत्कालीन अभिवचन रजेची तरतूद झाली. ती ३०-३० दिवसांनी वाढविता येई.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात सुटकेनंतरच्या देखरेखीची मुदत, व्यक्ती दुसऱ्या गुन्ह्याच्या दोषसिद्धीमुळे सलग ३० किंवा अधिक दिवस तुरुंगात असल्यास तेवढ्या काळापुरती थांबते. तेथे बाहेरची मुदत आत गेल्यावर थांबते, तर येथे आतली बाहेर आल्यावर.