धूर दिसेनासा झाला म्हणून

आज आपण ज्या रोगाकडे वळतो आहोत, त्याचं नाव आपल्याकडे मोठ्यानं घेतलं जात नसे. जुनी माणसं ‘गरमी’ म्हणायची, वैद्य ‘उपदंश’ म्हणत. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त त्याला ‘फिरंग रोग’ म्हटलं आणि त्यावर चोपचिनी सांगितली. याच मुळीवर गार्सिया द ओर्ताच्या, गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात एक अख्खा संवाद आहे.

युरोपात गरमी आणि परमा हा एकच रोग, असं अनेक मातब्बर डॉक्टर मानत. पॅरिसच्या फिलिप रिकोर यांनी १८३८ मध्ये हे दोन रोग वेगळे काढले आणि गरमीच्या तीन अवस्था मांडल्या. आपल्याला थांबायचंय ते दुसरीपाशी.

पहिला व्रण दुखत नाही, आपोआप भरतो. मग काही आठवड्यांनी अंगावर पुरळ उठतं. बहुधा खाजत नाही, पण तळहात-तळपायांवरही येतं. ही खूण लक्षात ठेवा. जोडीला ताप, घसादुखी, गाठी, तोंडात पांढुरके चट्टे, जागोजाग गळणारे केस, गुह्यभागी ओलसर चपटे उंचवटे. सगळं एकाच रुग्णात दिसेल असं नाही. म्हणून कुणाला तो गोवर वाटतो, कुणाला औषधाची ॲलर्जी.

रिकोर इथेच चुकले, बरं का. दुसऱ्या अवस्थेतून संसर्ग होत नाही, असं ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. शेवटी त्यांना माघार घ्यावी लागली. पण त्यासाठी इतर डॉक्टरांनी हा रोग नसलेल्या माणसांना तो मुद्दाम टोचला होता. त्या माणसांची नावं आपल्या इतिहासात नाहीत. पुढे १९०५ मध्ये बर्लिनला शाउडिन आणि हॉफमन यांना या रोगाचा जंतू सापडला, तो दुसऱ्या अवस्थेतल्याच एका फोडात!

आता खरी मेख. उपचार न करताही हे पुरळ जातं. माणूस म्हणतो, सुटलो. आपले नैयायिक इथं त्याला अडवतील. धूर दिसला तर अग्नी आहे, हे खरं. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. त्यांचं उदाहरण ठरलेलं आहे: तापलेला लोखंडी गोळा. त्यात अग्नी असतो, धूर नसतो. पुरळ गेल्यावरचं शरीर तसंच असतं. काही जणांत हा रोग वर्षांनी हृदयाशी, मेंदूशी पोचतो.

आज रक्ताची तपासणी आहे, पेनिसिलिन आहे. तेव्हा लक्षण गेलं तरी तपासणी चुकवायची नाही, आणि जोडीदारालाही सोबत न्यायचं. लाजेपायी आपण फार माणसं गमावली आहेत.