साष्टींतील ख्रिस्ती लोकांचें वर्गनाम

मरोळ, सहार, गोराई, मनोरी या साष्टींतील गांवांच्या कागदांत परेरा, डिसोझा, फर्नांडिस अशीं आडनांवें आलीं कीं संग्राहक ते कागद बहुधा 'फिरंगी' म्हणून बाजूस ठेवितात. आमच्या मतें ही वर्गवारी टिकणारी नाहीं. येथें आडनांवावरून वंशाचा निर्णय होत नाहीं.

१५३४ च्या तहानें गुजराथच्या बहादूरशहानें वसई व साष्टी पोर्तुगीजांस दिली. (साष्टी म्हणजे सहासष्ट गांवें. गोव्यांतील त्याच नांवाचा प्रांत निराळा. दोहोंची गल्लत वारंवार होते.) पुढें बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या लेण्यांवर फ्रान्सिस्कनांचा मठ उठला, मरोळास जेझुइटांनीं १५७९ त चर्च बांधिलें, त्याचे अवशेष अंधेरीस सीप्झच्या आवारांत अद्याप आहेत. बाप्तिस्म्याबरोबर नांव-आडनांव पोर्तुगीज झालें; भाषा, शेत, जाळें आणि जात मात्र जुनीच राहिली. गोराई-मनोरीचा कोळी ख्रिस्ती होऊनही कोळीच राहिला, वसईकडील सामवेदी व वाडवळ यांची तीच तऱ्हा. लग्नांतील 'उंबराचें पाणी' हा विधि पोर्तुगालाहून आलेला नव्हे, हें सांगावयास नकोच. १६५९ त लिस्बनास छापिलेलें फ्रान्सिस्को वाझ दि गिमारांइश याचें पुराण मराठींत आहे. लिपि तेवढी रोमन.

१७३७ त साष्टी मराठ्यांकडे व १७७४ अखेर इंग्रजांकडे गेली. इंग्रजी दप्तरानें या लोकांस सरसकट 'पोर्तुगीज' म्हटलें. ही कारकुनी सोय होय, जातिनिर्णय नव्हे. पुढें गोवें व मंगळूर येथील ख्रिस्ती लोक नोकरीनिमित्त मुंबईंत आले, त्यांचींही आडनांवें तींच. तेव्हां निराळी ओळख सांगण्याची गरज पडली. कंपनी सरकारचे मुंबईकडील जुने प्रजाजन म्हणून यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें व २६ मे १८८७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, आपली सभा स्थापिली. म्हणजे जें नांव जातीसारखें वापरलें जातें, तें कोळी, भंडारी, कुणबी अशा अनेक मूळ जातींवर घातलेलें पांघरूण आहे. त्याच्या पोटांत सोयरिकीचे जुने भेद पुष्कळ काळ चालले.

संग्राहकांस एक इशारा द्यावासा वाटतो. कलकत्त्याकडे हेंच नांव त्यापूर्वीं मिश्रवंशीय युरेशियनांनीं घेतलें होतें. १८३० त पार्लमेंटास गेलेला 'ईस्ट इंडियन' लोकांचा अर्ज त्यांचा. तेव्हां १८८७ पूर्वींच्या इंग्रजी कागदांत हा शब्द आढळल्यास तो साष्टीच्या खात्यांत घालण्यापूर्वीं गांव व धंदा पाहावा.