आरेखी प्रतिमान भाषा : रिअल-टाइम एम्बेडेड प्रणालींसाठी

यंत्राच्या पोटात बसवलेल्या आणि ठरल्या वेळेत उत्तर द्यावेच लागणाऱ्या संगणकाचे वर्तन, प्रोग्रॅम लिहिण्याआधी आकृतीत मांडण्यासाठी घडवलेल्या भाषा. चौकट, बाण आणि बाणावरचा मजकूर यांचे अर्थ व्याकरणासारखे पक्के असतात. त्यामुळे आकृती संगणकावर चालवून तपासता येते. काही साधने तिच्यातून थेट सी भाषेतला प्रोग्रॅमही काढून देतात.

इस्राएलच्या लावी या लढाऊ विमानाच्या कामावर १९८३च्या सुमारास संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल सल्लागार होते. अमुक स्थितीत अमुक कळ दाबली तर काय होईल, याचे एकच ठाम उत्तर जाडजूड कागदपत्रांतून निघेना. त्यातून स्टेटचार्ट ही अवस्था-आकृती जन्मली. तिच्यावरचा हॅरेल यांचा निबंध १९८७चा.

तिची करामत मंद्रूप (ता. दक्षिण सोलापूर) भागातल्या शेतपंपाच्या ऑटो स्टार्टरवर पाहता येते. थ्री फेज पुरवठा ठरावीक तासच, तोही कधी रात्री. म्हणून मोटर ‘ऑटोला टाकून’ माणूस घरी जातो. ‘थांबा’, ‘चालू’, ‘ड्राय रन’, ‘फेज गेला’ या अवस्था ‘लाइट आहे’ या मोठ्या चौकटीत बसवल्या, की लाइट गेल्याचा एकच बाण बाहेरच्या चौकटीवरून काढला तरी पुरतो. एरवी तो प्रत्येक अवस्थेतून काढावा लागला असता. ‘थांबा’मधला वेळ मुद्दाम ठेवलेला असतो : लाइट येताच सगळ्या मोटारी एकदम उचलल्या तर व्होल्टेज कोसळते. ‘फेज गेला’कडे जाणाऱ्या बाणावर मुदत हवीच, कारण दोन फेजवर मोटर ओढत राहिली तर वाइंडिंग जळते.

खरी गोम ‘ड्राय रन’मध्ये, म्हणजे पाणी संपल्याने मोटर थांबवलेल्या अवस्थेत आहे. बोअरला पाणी साठावे म्हणून मोटर तासभर थांबलेली, आणि तेवढ्यात लाइट जाऊन आली, तर तास नव्याने मोजायचा की लगेच मोटर उचलायची? स्टेटचार्टमध्ये आधीची अवस्था आठवण्यासाठी वर्तुळातल्या एच या अक्षराची खूण आहे. पण चिपचा वीजपुरवठाच तुटत असेल, तर ती आठवण वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत लिहावी लागते, आणि ते काम आकृती आपोआप करत नाही. तरी हा प्रश्न कागदावरच समोर येतो, हे थोडके नव्हे.

सॉफ्टवेअरच्या आकृत्यांची यूएमएल ही सर्वसाधारण भाषा ओएमजी या संस्थेने १९९७ मध्ये मान्य केली. स्टेटचार्ट तिने थोड्याफार बदलांसह घेतला. वेळेबाबत मात्र ती मोघमच राहिली. कोणते काम किती मिलिसेकंदांत संपले पाहिजे, प्रोसेसर कुणाच्या वाट्याला आधी, हे नीट लिहिण्याची सोय २००९च्या मार्टे या पुरवणीने केली. मार्टे तपशीलवार आहे, आणि लहान कामाला तितकीच अवजड. स्टार्टरएवढ्या यंत्राला एक चोख अवस्था-आकृती पुरते. यूएमएलचे बाकीचे आकृतीप्रकार तिथे बहुधा शोभेचेच.

महाराष्ट्रात या विषयाचा अभ्यास पुण्यातही झाला. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन केंद्राने (टीआरडीडीसी) प्रतिमानावरून प्रोग्रॅम निर्माण करण्यावर दीर्घ काम केले, पण त्याचा रोख मुख्यतः व्यावसायिक सॉफ्टवेअरवर होता. केंद्राची धुरा पुढे सांभाळणारे मथाई जोसेफ स्वतः रिअल-टाइम प्रणालींचे अभ्यासक. त्यांनी संपादित केलेला या विषयावरचा ग्रंथ १९९६चा. वाहन उद्योगात इंजिन आणि ब्रेकच्या नियंत्रकांसाठी यूएमएलपेक्षा सिम्युलिंक आणि त्याच्या जोडीचे स्टेटफ्लो ही साधने अधिक रुळली आहेत.