शोकेसमधली पितळी चक्की

रत्नागिरीच्या राजिवड्यात, मिरकरवाड्यात आणि खाडीकाठच्या गावांत आमच्या घरांतून काचेची शोकेस आली ती आखाताच्या पैशाबरोबर. १९७३ साली तेलाचे भाव चढले, तिकडे कामे निघाली आणि कोकणातली तरुण मुले कुवेत, दुबई, सौदीला गेली. परतताना त्यांच्या बॅगांतून 'दल्ला' नावाची लांब चोचीची किटली येई. अमिरातीच्या एक दिरहमच्या नाण्यावर आहे तीच. काही घरांत तिच्या शेजारी वीतभर उंचीची, नळकांड्यासारखी नक्षीदार पितळी चक्की असे. पाहुण्याने विचारले की आम्ही सांगायचो, "कॉफी दळायची." पण ती दळताना कुणी पाहिली नव्हती. आमच्याकडे चहाच व्हायचा.

ही चक्की आपल्याला परकी आहे, असा आमचा समज होता. इतिहास तसे सांगत नाही. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रासाठी जागे राहावे म्हणून कॉफी पीत. १५११ मध्ये मक्केत तिच्यावर बंदी आली, तरी ती टिकली. १५५४ च्या सुमारास इस्तंबूलमध्ये कॉफीखाने उघडले. हजहून परतताना बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. आणि आपल्याच जिल्ह्यातले दाभोळ हे बहामनी व आदिलशाही काळात एडन, हुर्मुझशी व्यापार करणारे बंदर होते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. तिथल्या जुन्या मशिदीशी विजापूरच्या एका शाहजादीच्या हज-प्रवासाची कथा लोक अजून जोडतात. ज्या समुद्रावरून कॉफी पसरली, त्याच समुद्रावर आमचे खलाशी वावरत होते.

मग ही चक्की खरोखर कामाची आहे का? एका पावसाळ्यात आम्ही ती उघडली. वरचे झाकण काढून बिया ओतायच्या आणि दांडा फिरवायचा. आत पोलादी दात्यांचा शंकू एका कड्यात फिरतो. खालचा स्क्रू आवळला की शंकू कड्याला भिडतो आणि पूड मैद्यासारखी बारीक होते. ती खालच्या डबीत जमते. तुर्की पद्धतीच्या कॉफीला अशीच पूड लागते. मिक्सरचे पाते बिया तोडते, त्यामुळे काही भाग जाडच राहतो.

अर्थात तिच्या मर्यादाही आहेत. एका वेळी मूठभरच बिया मावतात आणि हात दुखेपर्यंत फिरवावे लागते. दहा-बारा माणसांच्या घराला ती पुरणार नाही. एकदा मिरी दळली की वास जात नाही. पाण्याने धुतली तर दाते गंजतात, आणि कोकणची दमट हवा पितळ काळवंडून टाकते. शिवाय बाजारात निव्वळ शोभेच्या चक्क्याही मिळतात. त्यांचे दाते नावापुरतेच असतात. आमची तशी नव्हती. ती एकट्यादुकट्या माणसासाठी, परक्या मुलखातल्या खोलीसाठी अगदी सोयीची होती.

हे आम्हाला उशिरा कळले. ब्रशने दाते साफ करताना जुनी, घट्ट झालेली तपकिरी पूड निघाली. घरात तर कुणी कॉफी दळली नव्हती. म्हणजे चाचांनी तिकडे ती वापरली होती. कामावरून आल्यावर ते ती फिरवत असतील, कदाचित सोबत्यांनाही पाजत असतील. त्यांच्या पत्रांत मात्र "इकडे सर्व खैरियत" एवढेच असे. ते वारले तेव्हा चक्की काचेआडच होती आणि आम्ही त्यांना एकदाही विचारले नव्हते.

आमच्या समाजाचा आखाती इतिहास अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही. तो शोकेसमध्ये ठेवला आहे, आणि आणणारी माणसे एकेक करून जात आहेत. ज्यांच्या घरी ती अजून बसली आहेत त्यांनी काच सरकवावी, वस्तू त्यांच्या हातात द्यावी आणि विचारावे.