खाशाबांचं पदक आणि सरांचं घर

शहापूर-मुरबाडकडची आपली जुनी मंडळी जत्रेतल्या कुस्त्या बघत वाढली. खाशाबा जाधव हे नाव त्यांना सांगावं लागत नाही. पोरांना मात्र सांगावं लागतं.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा म्हणजे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! कराडला चाहते शंभरावर बैलगाड्या घेऊन त्यांच्या स्वागताला आले. पुढे खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवून दिलं.

नंतर ते पोलीस खात्यात गेले. १९८४ साली अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. चाहत्यांनी मात्र त्यांना कधीच विसरू दिलं नाही.

कर्ज काढून, हप्ते फेडून आपण इथे घरं केली. घर गहाण पडणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगू या.